घरशाळेला माणसं लागतात

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या बनारसच्या घरात भिंतीवर काळे फळे लावलेले होते. वडील विष्णुपंत हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मुलांना मनात येईल ते लिहिता-खोडता यावं म्हणून त्यांनी हे फळे करून घेतले होते. पुढे मोरूमामा हुजूरबाजार शिक्षणासाठी या घरी राहायला आले आणि त्या फळ्यांना वेगळंच काम मिळालं. मामा त्यावर एखादं अवघड गणित किंवा कोडं लिहून ठेवत, जयंतला आव्हान म्हणून. उत्तर सापडेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत ते पुसलं जात नसे. नारळीकर शाळेत जात होतेच. तरीही 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात त्यांनी मामांच्या या आव्हानांची आठवण आवर्जून नोंदवली आहे.

हुशार मुलाला शाळेतून काढून घरी शिकवावं का, असा विचार पिंपरी-चिंचवडमध्ये आता बरीच घरं करतात. निगडी प्राधिकरण, वाकड, मोशी, चाकण, कुठेही हा विषय निघाला की पहिला प्रश्न पुस्तकांचा येतो. कोणता अभ्यासक्रम घ्यावा, कोणतं ॲप चांगलं, रोज किती तास बसवावं? माझ्या मते हे प्रश्न नंतरचे आहेत. अशा मुलासाठी मोरूमामांच्या जागी कोण उभं राहणार, हे आधी पाहायला हवं. मुलाच्या आवडीच्या विषयात बुडालेला, त्याला बरोबरीने वागवणारा आणि उत्तर सांगून टाकण्याची घाई न करणारा एक मोठा माणूस मिळाला, तर अभ्यासक्रम कोणताही चालतो. तो मिळाला नाही, तर शाळेतला कंटाळा तेवढा घरी येतो.

महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण मुंबईच्या मालविका जोशीचं आहे. सातवीत असताना तिने शाळा सोडली. आईने नोकरी सोडून घरी शिकवायला घेतलं. पहिली काही वर्षं वेगवेगळे विषय चाखून पाहण्यात गेली. त्यातच तिला प्रोग्रॅमिंग सापडलं आणि ती त्यात रमली. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली, आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. तिच्याकडे दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. आपल्याकडच्या आयआयटीत बारावीशिवाय प्रवेशच नाही, त्यामुळे ते दार तिला बंद होतं.

या गोष्टीत प्रमाणपत्राशिवाय एमआयटी एवढाच भाग लोकांच्या लक्षात राहतो. मला मधली वर्षं जास्त मोलाची वाटतात. ऑलिंपियाडच्या तयारीमुळे ती चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधल्या प्राध्यापकांच्या संपर्कात आली आणि तिथे बराच काळ शिकली. शाळा सुटल्यामुळे गणितात ज्या जागा कच्च्या राहिल्या होत्या, त्या या लोकांनी भरून काढल्या. आईने वेळ दिला, विश्वास दिला, आवडीचा विषय शोधायला मोकळीक दिली. विषयाची खोली मात्र त्या विषयात मुरलेल्या माणसांकडून आली. ही विभागणी नीट कळली की घरी शिकवायचं म्हणजे आपल्याला सगळं यायला हवं, ही पालकांची भीती पुष्कळशी कमी होते.

कायद्याचं काय, हा प्रश्न लगेच येतो. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असल्याचं त्याचं दहावं कलम सांगतं, मात्र केंद्राच्या या कायद्यात त्यासाठी पालकांना शिक्षेची तरतूद नाही. घरी शिकवण्याची परवानगी देणारा किंवा त्यासाठी नोंदणी मागणारा वेगळा कायदाही नाही. अशा मधल्या जागेत ही कुटुंबं राहतात. त्यांच्या दृष्टीने खरं महत्त्वाचं आहे चौथं कलम. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क ते देतं. म्हणजे दोन वर्षं घरी शिकवून पाहिलं आणि जमलं नाही, तर परतीची वाट उघडी आहे. एकदा शाळा सोडली की आयुष्य संपलं, असं सांगणाऱ्या नातेवाइकांना हे कलम दाखवायला हरकत नाही.

परीक्षेच्या वाटाही आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, म्हणजे एनआयओएसकडे, चौदा वर्षं पूर्ण झालेलं मूल दहावीसाठी नाव नोंदवू शकतं. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि विषय एकेक करून सोडवता येतात. गणितात पुढे आणि भाषेत मागे असलेल्या मुलाला हे फार सोयीचं पडतं, कारण तयारी असेल तो विषय आधी देऊन मोकळं होता येतं. दहावीला मराठी माध्यमही आहे. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याची जुनी पद्धतही चालू आहे.

आता विषयात मुरलेल्या माणसांकडे वळू. ती पिंपरी-चिंचवड ते चाकणच्या या पट्ट्यात जितक्या घनतेने राहतात तितकी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असतील, आणि हेच इथल्या पालकांना दिसत नाही. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, भोसरीत शेकडो छोट्या वर्कशॉपांचं जाळं पसरलं, पुढे चाकणला बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने आले. सत्तर वर्षांत इथे टूलमेकर, फिटर, टर्नर, रसायनतज्ज्ञ, मेट्रॉलॉजीची माणसं, डिझायनर यांच्या दोन-तीन पिढ्या तयार झाल्या. त्यातली कितीतरी माणसं आज यमुनानगरला, आकुर्डीला, इंद्रायणीनगरला निवृत्त होऊन बसली आहेत. आपल्याकडे शिकवण्यासारखं काही आहे, असं त्यांना कोणी कधी म्हटलेलंच नाही.

टूलरूममधली एक साधी वस्तू घ्या, साइन बार. एक अचूक घासलेली पोलादी पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन सारखे रोलर, आणि दोन रोलरांच्या केंद्रांमधलं अंतर बरोबर 100 मिलिमीटर. ही पट्टी सपाट सरफेस प्लेटवर ठेवायची आणि एका रोलरखाली स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे, रचायचे. गेजची उंची 50 मिलिमीटर झाली की पट्टी बरोबर 30 अंशांत कलते. का? कारण पट्टी कर्ण झाली, गेज समोरची बाजू झाली आणि 50 भागिले 100 म्हणजे अर्धा. साइन 30 अंशांची किंमत शाळेत तक्त्यातून पाठ करतात, ती इथे हाताने उचलून ठेवता येते. मग मुलाला विचारावं, 45 अंशांसाठी किती उंची लागेल? ते 75 म्हणेल, कारण 30 ला 50 तर 45 ला 75 असा त्याचा सरळ हिशेब असेल. प्रत्यक्षात लागतात 70.71 मिलिमीटर. हिशेब कुठे चुकला, यावर दहा-अकरा वर्षांचं चौकस मूल आठवडाभर विचार करू शकतं, आणि त्या आठवड्यात त्याला त्रिकोणमिती कळलेली असते. निवृत्त टूलमेकरने आयुष्यभर हे केलेलं असतं. कदाचित तो त्याला त्रिकोणमिती म्हणतही नसेल.

मायक्रोमीटरचंही तसंच आहे. तो मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. त्याने घरातल्या प्रत्येकाचा केस मोजायला सांगा, मग एकाच केसाचं दहादा माप घ्यायला सांगा. दहा मापं सारखी येत नाहीत, हे पाहून मूल आधी चिडतं. मग एकाच वस्तूची मापं वेगळी का येतात, यावर बोलायला लागा. मोजमापातल्या त्रुटीचा हा धडा पुष्कळांना इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापर्यंत मिळत नाही. सीएनसीवर काम करणारी ताई किंवा दादा ओळखीचा असेल, तर जी-कोडच्या चार ओळी कागदावर लिहून मागा. सरळ रेषेसाठी जी शून्य एक, वर्तुळाच्या कंसासाठी जी शून्य दोन आणि तीन, पुढे एक्स आणि वायची मूल्यं. आलेखाच्या कागदावर पेन्सिलने तो प्रोग्रॅम चालवला की निर्देशक भूमिती समोर उभी राहते, तीही यंत्राजवळ न जाता.

यंत्राजवळ न जाता हे मी मुद्दाम म्हणते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात काम करू देणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा योग्यच आहे. शिकणं आणि राबणं यांतली रेषा वर्कशॉपमध्ये फार लवकर पुसली जाते. म्हणून लहान मूल तिथे जाईल ते पाहुणा म्हणून, पालकांबरोबर, पिवळ्या पट्ट्याच्या बाहेरून पाहायला. बाकीचं शिकणं काकांच्या घरच्या टेबलावर व्हावं.

जी माणसं अजून नोकरीत आहेत, त्यांना वेळ कुठून मिळणार? या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शाळेतल्या मुलाला त्या दिवशी वर्ग असतो आणि रविवारी ते मोकळं असतं, तेव्हा काका फर्स्ट शिफ्टला गेलेले असतात. घरी शिकणाऱ्या मुलाचा गुरुवार मोकळा ठेवता येतो. घरशिक्षणाने मिळणारी ही मोकळीक फार व्यावहारिक आहे. मोठी माणसं मोकळी असतात तेव्हा मूल मोकळं असतं.

विचारायचं कसं, याचा संकोच बहुतेकांना असतो. आमच्या मुलाला शिकवाल का, असं विचारलं की समोरचा माणूस घाबरतो, कारण त्याला वर्ग, फळा आणि परीक्षा दिसते. त्यापेक्षा मुलानेच एक नेमका प्रश्न घेऊन जावं. सायकलच्या गिअरचे दात असेच का वळलेले असतात, पेनिसिलिन एवढ्या मोठ्या टाकीत कसं वाढवतात, असं काहीतरी. ज्याने तीस वर्षं त्यावर काम केलं, त्याला असा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. पहिली भेट अर्ध्या तासाची असावी. दुसऱ्या भेटीला जाताना मुलाने पहिल्या भेटीतलं काहीतरी करून न्यावं, मग ते चित्र असो, मोजमापांची वही असो की मोडकं मॉडेल. पुढच्या भेटी त्यातूनच ठरत जातात. आई किंवा वडील त्याच खोलीत असावेत, हा नियम ओळखीच्या माणसाकडेही मोडू नये.

गुरू मोठा विद्वान असलाच पाहिजे का? शिकागो विद्यापीठातल्या बेंजामिन ब्लूम यांनी आपल्या क्षेत्रात फार वरच्या पायरीवर पोचलेल्या 120 जणांचा अभ्यास केला. त्यात पियानोवादक होते, शिल्पकार, जलतरणपटू, टेनिसपटू, गणितज्ञ आणि मेंदूविज्ञानाचे संशोधकही होते. 1985 मध्ये हा अभ्यास पुस्तकरूपाने आला. त्यातून शिकण्याचे साधारण तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यातला शिक्षक बहुधा जवळपासचा, प्रेमळ, खेळकर असतो. तो त्या विषयातला मोठा तज्ज्ञ असतोच असं नाही. त्याच्यामुळे विषयावर जीव जडतो. दुसऱ्या टप्प्यात शिस्तीचा, चुका काढणारा शिक्षक लागतो. तिसऱ्या टप्प्यात त्या क्षेत्रातल्या खऱ्या जाणकाराजवळ जावं लागतं, बहुतेकदा गाव सोडून. आपल्याकडे घाई होते ती पहिला टप्पा गाळण्याची. आठ वर्षांच्या मुलाला थेट ऑलिंपियाडच्या क्लासला बसवलं की त्याला गणित येतं, पण गणिताची ओढ लागलेली नसते.

या पट्ट्यातून पहिल्या टप्प्याचा एक विलक्षण शिक्षक देशाला मिळाला. अरविंद गुप्ता कानपूर आयआयटीतून 1975 मध्ये इंजिनिअर झाले आणि टेल्कोत, पुण्यात, नोकरीला लागले. 1978 मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मिळत होती. तिचे तुकडे करून त्यांनी आगकाड्या जोडल्या आणि त्रिकोण, चौकोन, घन उभे केले. त्रिकोण ढकलला तरी हलत नाही, चौकोन लगेच लोळतो. पूल आणि मनोऱ्यांमध्ये त्रिकोणच का दिसतात, ते मुलाच्या बोटांना कळतं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशा शेकडो खेळण्यांवर काम केलं. ती सगळी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, मराठी पुस्तकांसह. घरशिक्षणाची सुरुवात करणाऱ्या घराला मी आधी या आगकाड्या आणि नळी आणायला सांगेन.

हाताने शिकण्याची पूर्ण शाळाच पाहायची असेल तर चाकणहून तासाभराच्या वाटेवर पाबळ आहे. शिरूर तालुक्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. कलबागांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेट केली होती, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलं होतं. ते सोडून ते कोरडवाहू पाबळला राहायला आले. काम करता करता शिकणं हा मेंदूचा स्वाभाविक मार्ग आहे आणि शाळेत न टिकलेली मुलं या मार्गाने उत्तम शिकतात, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. तिथला वर्षाचा निवासी अभ्यासक्रम अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन या चार विभागांत फिरतो. मुलं वेल्डिंग करतात, भिंत बांधतात, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासतात आणि केलेल्या वस्तूचा खर्चही काढतात. गावाला खऱ्या अर्थाने लागणारं काम हाच तिथला गृहपाठ. या अभ्यासक्रमाला एनआयओएसची मान्यता मिळाली. एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांनी संगणकाच्या मदतीने हव्या त्या वस्तू बनवण्याच्या छोट्या कार्यशाळेची, म्हणजे फॅब लॅबची कल्पना मांडली, तेव्हा एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब 2002 मध्ये पाबळलाच आली. कलबाग 2003 मध्ये गेले, आश्रमाचं काम सुरू आहे.

कलबागांचा प्रयोग मुख्यतः शाळेने नापास ठरवलेल्या मुलांसाठी होता, आणि म्हणूनच तो हुशार मुलांच्या पालकांनी बारकाईने पाहावा असं मला वाटतं. दोन्ही मुलांची अडचण एकच आहे. वर्गाचा वेग त्यांचा नाही, आणि वर्गात केलेल्या कामाचा कोणाला उपयोग नाही. खूप बुद्धिमान मुलगी आणि दोनदा नापास झालेला मुलगा एकाच बायोगॅस टाकीवर काम करताना एकमेकांकडून पुष्कळ शिकतात. हुशार मुलाला फक्त हुशार मुलांत ठेवण्याचा आग्रह मला म्हणूनच पटत नाही.

पुण्याची जवळीक हाही मोठा आधार आहे. 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडची मेट्रो धावू लागली आणि पुढे ती स्वारगेटपर्यंत पोचली, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन शहरात जाणं सोपं झालं. गणिताची ओढ असेल तर श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. आकाशाची असेल तर नारळीकरांनी उभी केलेली आयुका आहे. दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी शास्त्रज्ञांची व्याख्यानं व्हावीत ही तिथली जुनी परंपरा. मुलं सही मागायला आली की नारळीकर त्यांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तरावर सही करून धाडत. चाकणकरांना तर नाशिक रस्त्याने मंचर ओलांडून नारायणगावजवळच्या खोडदला जाता येतं. तिथे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांसाठी खुली होते. गावोगावच्या शाळांतली मुलं तिथे आपापले प्रयोग मांडतात. चिंचवडचं सायन्स पार्क तर घराजवळच आहे. तिथे एकदा सगळं बघण्यापेक्षा एकाच उपकरणासमोर चारदा जाणं जास्त फळतं.

आपलं मूल खरंच वेगळं आहे का, हा प्रश्न पालकांना आतून पोखरतो. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी 1962 पासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणावर काम करते आहे. आप्पा पेंडसे यांनी ती उभी केली. तिची प्रज्ञा मानस संशोधिका बुद्धीच्या वेगवेगळ्या पैलूंच्या चाचण्या घेते, आणि निगडीतही प्रबोधिनीचं विद्यालय आहे. अशी चाचणी करून घ्यावी, पण तिचा आकडा मुलासमोर मिरवू नये. कित्येकदा असंही दिसतं की अडचण शाळा नावाच्या गोष्टीत नसून एखाद्या वर्गात किंवा एखाद्या शिक्षकाशी असते. तेव्हा शाळा बदलून, किंवा शाळा ठेवून संध्याकाळी एक गुरू जोडून देऊन काम होतं. शाळा सोडणं हा शेवटचा उपाय आहे, आणि तो मुलाच्या इच्छेशिवाय करू नये.

यात कुटुंबाचाही प्रश्न आहे. घरी शिकवायचं ठरलं की बहुतेक घरांत नोकरी सोडते ती आई. काही जणी आनंदाने सोडतात, काही जणींना दुसरा पर्याय दिलेलाच नसतो. वडील शिफ्टमध्ये असतील तर सकाळ किंवा दुपार त्यांच्याकडे मोकळी असते. ती वेळ त्यांनी मुलाची म्हणून धरली पाहिजे. दोन-तीन कुटुंबांनी मिळून वार वाटून घेतले तर भारही हलका होतो आणि मुलांना सोबतही मिळते. मित्र कुठून मिळणार, या काळजीचं उत्तरही यातच आहे. त्याला जोड म्हणून संध्याकाळी पाचनंतरचं मैदान चुकवू नये, कारण शाळेतली मुलंही तेव्हा तिथेच असतात.

चाकण, म्हाळुंगे, कुरुळीच्या चाळींत राहणाऱ्या कंत्राटी कामगारांची मुलंही तितकीच हुशार असतात, आणि त्यांच्या घरात नोकरी सोडून बसणं कोणालाच परवडत नाही. त्यांच्यासाठी शाळा हा आधार आहे, तो काढून घेण्याची भाषा कोणी करू नये. पण गुरुवारी मोकळ्या असलेल्या टूलमेकर काकांच्या टेबलाभोवती एका मुलाऐवजी चार मुलं बसू शकतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांशी बोलून, शाळा सुटल्यानंतर त्यातल्या दोन खुर्च्या त्या मुलांसाठी ठेवता येतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष आवड असणाऱ्या मुलांसाठी विषयवार मंडळं काढायला सुचवलं आहे. ती काढायला मोठा निधी लागत नाही.

मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की पुढच्या वाटेबद्दल त्याच्याशी मोकळेपणाने बोलायला हवं. ज्या अभ्यासक्रमांना बारावी लागते ते त्याला हवे आहेत का? प्रयोगशाळेची खरी सवय लागणारे विषय आहेत का? त्याच्या वयाच्या मुलांत रोज बसण्याची ओढ त्याला लागली आहे का? चौदाव्या वर्षानंतर वयानुरूप प्रवेशाचा हक्क संपतो आणि एनआयओएसची वाट सुरू होते, म्हणून ही चर्चा तेराव्या वर्षीच व्हावी. मुलाला परत शाळेत जायचं असेल तर प्रवेशासाठी धावपळ करायला वर्ष हाताशी राहतं, आणि घरीच राहायचं असेल तर कोणता विषय आधी द्यायचा ते ठरवून त्याची तयारी सुरू करता येते.